गडबच्या मावशींचं मृत्युपत्र

पेणला एका वकिलांच्या ऑफिसात मी टायपिंग करते. जवळच्या गडब गावच्या एक मावशी दर दोन-तीन महिन्यांनी एसटीने यायच्या, पंख्याखालची खुर्ची धरायच्या आणि मला म्हणायच्या, "लिव गो, आधीचा रद्द."

मृत्युपत्र त्यांनी सात वेळा बदललं. घर आणि भातशेती ज्याला मिळेल त्याने त्यांच्या गतिमंद मुलीला सांभाळायचं, ही अट कायम असायची. पुतण्याचं नाव तेवढं बदलायचं. एकाने लग्नात हलकी साडी दिली म्हणून तो गेला. दुसरा फोनवर नुसता "हं, हं" करतो म्हणून गेला. मला हसू आवरायचं नाही. चाळिशीची मुलगी तेव्हा माझ्या टेबलावर टाचण्यांची रांग लावत बसायची.

शेवटी वकीलसाहेबच म्हणाले, "मावशी, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होणार, आणि मुलगी एकट्या पुतण्याच्या मर्जीवर राहणार. त्यापेक्षा आत्ताच ट्रस्ट करा. जमीन ट्रस्टची, उत्पन्न मुलीसाठी, बघायला तिघं जण."

मावशींनी मुलीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "करा."

"पुढे मन बदललं तर ट्रस्ट रद्द करायचा हक्क तुमच्याकडे ठेवू ना?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"नको, नको!" मावशी खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. "तो ठेवलात तर पुढच्या महिन्यात मी हाय इथं. माझा मलाच भरवसा नाय."