माझ्या वावरातली पांढर

करुणाचा फोन आला तेव्हा मी जालन्यात दवाखान्याच्या औषधाच्या रांगेत उभा होतो. "काका, पप्पा गेले," ती म्हणाली. आणि मी विचारलं, "कुठं?"

हा प्रश्न मी का विचारला ते सांगायला हवं. उत्तम 'गेला' म्हणजे पाहुणे घेऊन गेला, असाच अर्थ आमच्यात वीस वर्षं होता. घरी फोन केला की त्याची बायको शोभा म्हणायची, "ते गेले," म्हणजे तो लेण्यांत असेल, नाहीतर नदीकाठी. तिकडून करुणा म्हणाली, "सकाळी छातीत दुखलं. भोकरदनहून जालन्याला आणेपर्यंत..." पुढचं मला ऐकू आलं नाही. माझा नंबर आला होता, खिडकीतला माणूस चिठ्ठी मागत होता, आणि मी ती त्याच्याकडे देऊन औषधं घेतली, पिशवीत नीट ठेवली. याला आता सात आठवडे झाले. त्या दिवशी मी रडलो नाही, आणि अजूनही रडू येत नाही. रडायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हेच मला ठरवता येत नाहीये.

उत्तम आणि मी केदारखेड्याजवळच्या एकाच गावचे, एकाच वर्गातले. आमचं घर पाटलांच्या गल्लीत, पूर्णेच्या काठाला वीस एकर वावर. त्याचं घर गावाच्या पलीकडच्या टोकाला, बुद्धविहाराजवळ. आम्ही पहिली-दुसरीत असताना भोकरदनला बाहेरून विद्वान लोक उत्खननाला आले होते आणि उत्तमचे वडील तिथं रोजानं माती काढायला जात. संध्याकाळी परत आले की ते पोराला सांगत, आज एवढाल्या विटांची भिंत निघाली, आज मणी निघाले, आज रांजण निघाला, आख्खा. बाकीच्या मजुरांना ते काम विहीर खणण्यासारखंच होतं. उत्तमच्या वडिलांना मात्र साहेबांनी कुंचला हातात दिला होता, एका मडक्याभोवतीची माती झाडायला. हा कुंचला त्यांनी आयुष्यभर सांगितला. उत्तम तो ऐकतच वाढला.

दहावीनंतर मी पुढं शिकलो, जालन्यात शिक्षक झालो. उत्तम जीप चालवायला लागला, भोकरदन ते जाफराबाद, माणसं कोंबून. पण हातात पडेल ते वाचायचा. अजिंठ्याला जाणारी एक गाडी भोकरदनच्या स्टँडवर बंद पडली, तेव्हा गाडीतल्या लोकांचा दिवस फुकट जाऊ नये म्हणून त्यानं त्यांना आपल्या जीपमध्ये घातलं आणि केळणा नदीच्या काठची लेणी दाखवली. ते लोक जाताना म्हणाले, तुम्ही हे रोज का नाही दाखवत? तो त्याच संध्याकाळी माझ्याकडे जालन्याला आला. "सुध्या, मला बराबर मराठीत एक कागद लिहून दे. एका दिवसात जुनं भोकरदन. सकाळी लेणी, मंग जुनं गाव, दुपारी पूर्णेकाठची पांढर." मी हसलो. "पांढर? आमच्या वावरातली? तिथं काय बघायचंय?"

पांढर म्हणजे जुन्या वस्तीची जागा. शेकडो वर्षं माणसं राहून राहून जमीन उंच होते आणि माती राखेसारखी पांढुरकी. आमच्याकडे ही माती धाब्याच्या घरांच्या सपाट छपरांवर टाकायला नेत. आमच्या वावराच्या नदीकडच्या बाजूला असं दोन पुरुष उंचीचं टेकाड होतं. लहानपणी आम्ही तिथं शेळ्या चारल्या, तिथली खापरं नदीत भिरकावली. मला ते टेकाड म्हणजे नांगर न चालणारी जागा एवढंच माहीत होतं. उत्तमनं पहिल्या पाहुण्यांना तिथं नेलं तेव्हा मीही मुद्दाम गेलो, गंमत बघायला. त्यानं खाली वाकून एक पांढरा वाकडा तुकडा उचलला. शंखाच्या बांगडीचा. पाहुण्यांमधल्या एका बाईंच्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "ताई, शंख कुठं सापडतो?" त्या म्हणाल्या, समुद्रात. "मंग इथं समुद्र हाये का?" त्या तुकडा उलटून बघायला लागल्या, तसा तो म्हणाला, "म्हंजे इथली बाई समुद्राची बांगडी घालत होती. इथून कापूस, कापड बैलावर लादून घाट उतरून बंदरात जायचं आन् येताना हे यायचं. हे खेडं नव्हतं ताई. ह्ये जुन्या भोकरदन शहराचं नदीकडचं दार होतं."

मी त्या जमिनीचा मालक. त्या दिवशी ती मला पहिल्यांदा दिसली.

पुढं एका मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघं ते बंदर बघायला गेलो, सोपाऱ्याला. त्याला बघायचं होतं आपलं सामान जायचं कुठं. झाडांमधला पडका स्तूप बघितला, मग विचारत विचारत खाडीकडे गेलो. बंदर म्हणावं असं आता तिथं काही नाही, चिखल आणि दोन होड्या. मला वाईट वाटलं, इतक्या लांब आणून याला काय दाखवलं. पण तो चपला काढून चिखलात उतरला आणि ओरडला, "सुध्या, आपण पोहोचलो रे!" पोहोचलो... जणू दोन हजार वर्षं बैल हाकतच आलो होतो. परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाला, "माझा आजा गावाबाहेर राह्यला. बाप गावाबाहेर राह्यला. पण सांचीच्या स्तूपावर भोगवर्धनच्या माणसांची नावं कोरलेली हायेत, दान दिलं म्हणून. भोगवर्धन म्हंजे आपलं भोकरदन. इथला माणूस तिथवर चालत गेल्ता आन् बुद्धाला दगड देऊन आल्ता. हे मला कोणीच सांगितलं न्हाई शाळेत. तुला सांगितलं का?" मला सांगितलं नव्हतं. मी इतिहास शिकवत होतो आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर त्यानं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. आम्ही टेकाडावर बसलो होतो, पाहुणे नदीत पाय धूत होते. "हे आहे तसं ठेव. सरकारच्या कागदावर ही जागा न्हाई, कोणी राखायला येणार न्हाई. तुझं वावर हाये म्हणून हाये." मी म्हणालो, "मी जिवंत असेपर्यंत इथं कुणी हात लावणार नाही." त्यानं मान हलवली. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला त्याला एवढंच पुरलं.

दोन वर्षांपूर्वी गावाजवळून नवा रस्ता निघाला. भरावाला माती हवी होती. ठेकेदाराचा माणूस माझ्या धाकट्या भावाला, दिलीपला भेटला. टेकाडाची माती आम्ही नेतो, त्या बदल्यात वावर सपाट करून देतो. दिलीप जालन्याला आला. मी नेहमीसारखा नाही म्हणालो. तेव्हा तो म्हणाला, "दादा, तू जालन्यात बसून पांढर सांभाळतो. नांगर मला धरावा लागतो. खापरांनी फाळ मोडतो, वर पाणी चढत न्हाई. तुझ्या दोस्ताचे पाहुणे येऊन माझ्या कपाशीतून चालत जातात. मला कोणी विचारलं का कधी?" खरंच कुणी विचारलं नव्हतं. कागद त्यानं सोबतच आणला होता. मी सही केली. सही केल्यावर उत्तमला फोन करायचं ठरवलं. आज करू, उद्या करू... सांगण्यासारखे शब्द सापडेनात म्हणून थांबलो, आणि थांबता थांबता पंधरा दिवस गेले.

तो शनिवार होता. जेसीबी सुरू झाल्याचं कळलं म्हणून मी गावी गेलो होतो. टेकाडाचा निम्मा भाग गेला होता. मी बांधावर उभा असताना उत्तमची जीप आली, मागं नागपूरच्या एक निवृत्त प्राध्यापक बाई आणि त्यांचे यजमान. जीप थांबली. तो बराच वेळ खाली उतरलाच नाही, स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मग उतरला, मागचं दार उघडलं, बाईंना हात देऊन उतरवलं आणि सरळ त्या कापलेल्या कड्याकडे घेऊन गेला. मला वाटलं तो भांडेल. जेसीबीवाल्याला हाक मारून त्यानं फक्त एवढंच विचारलं, "भाऊ, दहा मिनिटं देतोस का?" त्यानं दिली.

आणि त्या दहा मिनिटांत उत्तमनं जे दाखवलं ते त्यानं आधी कधीच दाखवलं नव्हतं, कारण ते आधी कुणाला दिसतच नव्हतं. जमीन उभी चिरली गेली होती. "ही काळी रेघ बघा, ही चूल. हिच्याखाली अजून एक चूल, म्हंजे आजीची. ही लाल पट्टी, आग लागली असंल. ही सारवलेली जमीन, बोट लावा ताई, अजून गुळगुळीत हाये. हा रांजण, बूड तसंच हाये..." आवाज एकदाही हलला नाही. मी पंधरा पावलांवर उभा राहून ऐकत होतो. तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून मला असं शिकवता आलं नाही.

बाईंचे डोळे भरून आले होते. त्या म्हणाल्या, "हे थांबवता येत नाही का? मालक कोण आहे याचा?"

उत्तमनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग बाईंना म्हणाला, "इथलेच हायेत. चांगले लोक हायेत. त्यांची बी काही अडचण असंल." आणि त्यानं हात वर करून जेसीबीवाल्याला खूण केली, झालं म्हणून. पहिल्याच घावाला रांजण फुटला. त्याचा आवाज मोठा नव्हता. घरात एखादं मडकं हातातून सुटावं, तेवढाच.

मी त्याच्याकडे गेलो. म्हणालो, "उत्तम, मी तुला सांगणार होतो." तो पाहुण्यांच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करत होता. म्हणाला, "तुमचं वावर हाये, सर." पन्नास वर्षं मी त्याचा सुध्या होतो. त्या दिवशी सर झालो.

त्यानं पाहुणे नेणं बंद केलं. पुन्हा जाफराबादच्या फेऱ्या मारायला लागला. मी त्याला शेवटचं भेटलो ते भोकरदनच्या स्टँडवर, गेल्या दिवाळीच्या आधी. तो जीपच्या दाराशी उभा राहून "जाफराबाद, जाफराबाद" ओरडत होता. मला बघून त्यानं पुढची सीट झाडली. "बसा सर." माझं जाफराबादला काहीच काम नव्हतं. मी बसलो. वाटेत त्यानं माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मी करुणाच्या नोकरीची. ती जालन्यात नर्स आहे, हे मला माहीत होतं, तरी विचारलं. सगळा रस्ता मी मनातल्या मनात एकच वाक्य जुळवत होतो. माझं चुकलं, एवढंच तर म्हणायचं होतं. मागं दहा माणसं कोंबलेली, त्यांच्यासमोर कसं म्हणायचं, असं वाटलं. उतरल्यावर म्हणू, असं ठरवलं. जाफराबादला उतरलो तर त्याच्याभोवती परतीची माणसं जमली होती. "परत येता का लगेच?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "नाही, काम आहे जरा." आणि काम नसलेल्या त्या गावात दोन तास फिरत राहिलो, त्याची जीप निघून जाईपर्यंत.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर शोभावहिनींनी निरोप पाठवला, एकदा येऊन जा. गेलो. त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडलं. पूर्वी तिथं जीपचे टायर असायचे. आता भिंतीला लागून पत्र्याचे डबे होते, तेलाचे, बिस्किटांचे, खालपासून वरपर्यंत रचलेले. वहिनी म्हणाल्या, "नवा रस्ता झाला ना, तुमच्या वावरातली माती टाकलेला. रोज सकाळी पहिल्या फेरीच्या आधी तिथं जायचे. कडेकडेनं वेचून आणायचे. डांबर पडेपर्यंत जात होते. मी म्हणायची, लोक हसून राह्यले. ते म्हणायचे, हसू दे."

मी एक डबा उघडला. आत वर्तमानपत्राच्या पुड्या. प्रत्येक पुडीवर त्याच्या मोठ्या, शाळकरी अक्षरात लिहिलेलं. रांजणाचा काठ. बांगडी, शंखाची, अर्धी. मणी, लाल. चुलीची माती. आणि प्रत्येक पुडीवर, त्याखाली, एकच ओळ: सुध्याच्या वावरातून.

सर नाही. सुध्या.

मी डबे मोजले नाहीत. पुढं जालन्यात, संभाजीनगरला दोन-तीन संग्रहालयांत हे ठेवून घ्याल का म्हणून विचारलं. उत्खननातून आलेलं नाही, कुठल्या थरातलं ते सांगता येत नाही, म्हणून घेता येणार नाही, असं सगळ्यांनीच सांगितलं. त्यांचंही बरोबर आहे. थर मीच मोडला.

"घेऊन जाता का?" वहिनींनी त्या पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "तुमचंच हाये सगळं."

मला एकही डबा उचलता आला नाही. मी म्हणालो, राहू द्या इथंच. दर रविवारी मी जातो. वहिनी दार उघडून देतात आणि चहा ठेवायला निघून जातात. मी खाली बसतो, एखादी पुडी सोडतो, वाचतो, परत बांधतो. त्यानं बांधली होती तशी मला अजून बांधता येत नाही.