आत्याचा पूर्ण उपास

सातव्या माळेच्या सकाळी यवतमाळच्या होस्टेलवर बाबांचा फोन आला. "ताई गेली," एवढंच म्हणाले. काय झालं, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, दिग्रसला आमच्याकडेच राहायची. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली, लग्न न केलेली. माझ्या इंग्रजी शाळेची तिला भारी गंमत. मी बारावीत असताना माझं वाक्प्रचारांचं पुस्तक चाळत म्हणाली, "काय वो मॅडम, हे 'ऑल ऑर नथिंग' म्हंजे काय होते?"

"एकतर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. मधलं चालत नाही."

"उदाहरण सांग ना."

"तुझा नवरात्राचा उपास," मी म्हणाले.

ती इतकी खूश झाली... दूधवाल्यालाही ऐकवायची, "लिटर देतं तर दे, नाहीतर राहू दे. आपलं ऑल ऑर नथिंग असते!" पुस्तकात पुढे आणखी एक ओळ होती. हा वाक्प्रचार बरेचदा दोष दाखवायला वापरतात, अशी. ती मी तिला वाचून दाखवली नाही. तिचा चेहरा उतरला असता.

यंदा तिसऱ्या माळेला तिच्या उशाशी रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी दिसली. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मीच दुकानातून आणलेली. एकही गोळी कमी नव्हती.

"आत्या, गोळ्या?"

"पोटात अन्न नाही तं गोळी कशी घेऊ? अन् अर्धा उपास देवीले चालते काय? तूच सांगतलं होतं ना."

"डॉक्टरांना विचारू या."

"डॉक्टर उपास सोडाले लावते. अन् बाबाले सांगू नको, कायले घाबरवतं त्याले? नऊ दिवसांत माणूस मरत नाही."

मी मान हलवली. मान हलवणं मला नेहमीच सोपं गेलंय. पाचव्या माळेला आरती करताना तिनं ताट मध्येच खाली ठेवलं आणि भिंतीचा आधार घेतला. "डोकं जड झालं जराक," म्हणाली. बाबा शेजारीच टाळ्या वाजवत उभे होते. माझ्या तोंडाशी आलं होतं... दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं म्हणून मी सकाळच्या बसनं निघून आले.

मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या बंद केल्या होत्या का, असंही त्यांनी विचारलं. बाबा ठामपणे म्हणाले, "नाही, ताई गोळी कधी चुकवत नव्हती." दीड महिना झाला. त्यांना मी अजून खरं सांगितलेलं नाही. हा लेख छापून येईल तेव्हा ते वाचतील.

गेल्या सोमवारी घरी होते. आत्याच्या खोलीत आता आई पूजा करते. तिची थायरॉइडची गोळी कोनाड्यात तशीच पडली होती.

"आज उपास आहे गं, उद्या घेईन."

"आत्ता घे," मी म्हणाले. आवाज इतका चढला की बाबा दारात आले. आईनं माझ्याकडे बघतच गोळी गिळली. बाबा मात्र त्या रिकाम्या पलंगाकडे बघत होते, आणि मग माझ्याकडे.