कालव्याकाठचा पाला आणि माझी कावीळ

"काकू, कावीळ आहे. बिलिरुबिन फार वाढलंय," बारामतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बिलिरुबिन म्हणजे रक्तातला पिवळा घटक. यकृत दुखावलं की तो साठतो.

त्याआधी पंधरा दिवस मला जेवण नको वाटायचं. ऊन बाधलं असेल म्हणून मी ते दिवस कोऱ्हाळ्यात, आमच्या गावी, घरीच काढले.

व्हायरल हिपॅटायटिसच्या, म्हणजे विषाणूच्या काविळीच्या, तपासण्या निगेटिव्ह आल्या. सोनोग्राफीत खडा नव्हता. "घरचा काढा, पाला काही घेता?" बाईंनी विचारलं. मी नाही म्हटलं.

ते खोटं होतं. मी विसराळू झाले होते, म्हणून माझी धाकटी जाऊ मंगल दोन महिने रोज मला रस द्यायची. कालव्याच्या पाझरावर गोल पानांची मंडूकपर्णी आपोआप वाढते, कोथिंबिरीच्याच कुळातली. आमच्याकडे तिला ब्राह्मी म्हणतात. मंगल वाकून वाकून ती खुडायची. तिचं नाव सांगितलं तर घरचे तिलाच फाडून खातील, या भीतीनं मी गप्प बसले. दवाखान्यात दाखल केल्यावरही मी तिनं आणलेला रस प्यायले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "आयएनआर वाढतोय. म्हणजे रक्त गोठायला वेळ लागतोय. आणखी वाढला तर पुण्याला हलवावं लागेल."

मंगल उशाशीच उभी होती. तिनं पिशवीतून बाटली काढली.

"म्याडम, ह्यो ब्राह्मीचा रस मी देतीय आक्कांना. माझ्यामुळं झालं असंल तर सांगा."

डॉक्टर रागावल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत. बऱ्याच जणांना हा सोसतो, पण एखाद्याचं यकृत त्यानं दुखावतं. आजपासून बंद." याला त्या ड्रग इंड्यूस्ड लिव्हर इंज्युरी म्हणाल्या, औषधानं यकृताला झालेली इजा.

पुण्याला जावं लागलं नाही. आयएनआर उतरला, मग हळूहळू डोळ्यांचा पिवळेपणा गेला. विसराळूपणाचं मूळ थायरॉइडमध्ये निघालं; आता रोज एक गोळी घेते.

तुमच्यापैकी कुणी असा पाला घेत असेल, तर डॉक्टरांनी विचारल्यावर लपवू नका. देणाऱ्याची माया खरी असली तरी सांगा.

घरी आले तेव्हा रसाचं कळून सासूबाई मंगलवर तोंड टाकायला लागल्या. मी तिचा हात धरला. म्हटलं, "आत्या, डॉक्टरनी इचारलं तवा खोटं मी बोलले. खरं हिनं सांगितलं, म्हणून मी तुमच्या म्होरं उभी हाय."

सासूबाईंनी मंगलला जवळ बसवून घेतलं.