माणशी एक झाड

फुकट मिळणाऱ्या गोष्टीला मी आयुष्यभर नाक मुरडत आले. चौतीस वर्षं लातुरात पोरांना गणित शिकवलं. कुणी काही मोफत देतोय म्हटलं की मला आधी त्यातली मेख दिसते. म्हणून महापालिकेची गाडी भोंगा लावून आमच्या गल्लीत आली आणि घरमालकांना झाडं मोफत, वर लोखंडी पिंजराही मोफत, असं ओरडायला लागली तेव्हा मी सरळ दार लावून घेतलं. झाडं म्हणे! इथं माणसांना नळ आठव्या दिवशी. पण भोंग्यानं पुढं सांगितलं की रेशनकार्डावर जेवढी नावं असतील तेवढी झाडं मिळतील, माणशी एक. ते ऐकलं आणि मी दार परत उघडलं.

आमचं कार्ड पांढरं. त्यावर धान्याचा दाणा कधी मिळाला नाही, पत्ता दाखवण्यापलीकडे त्याचा काडीचा उपयोग नाही. पण त्यावर चार नावं होती. कुटुंबप्रमुख म्हणून माझं, खाली नवऱ्याचं, मग मुलाचं, मग मुलीचं. नवरा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मुलगा बंगळुरूला नोकरीला लागला तो तिथलाच झाला. मुलगी नांदेडला दिलेली, विष्णुपुरीच्या बाजूला तिचं घर. ही नावं कमी करून आणा असं भेटेल तो सांगायचा. तहसीलात एक अर्ज टाकायचा, बास. मी म्हणायची, जाते उद्या. तीन वर्षांत तो उद्या काही उजाडला नाही. आम्ही चौघं एकाखाली एक लिहिलेले असे आता त्या कार्डावरच राहिलो होतो, आणि तिथूनही मीच जाऊन खोडून आणायचं, हे मला काही जमेना.

वॉर्डाच्या ऑफिसात टेबलामागच्या माणसानं कार्ड उलटंपालटं केलं आणि मान वर न करता विचारलं, "सगळे इथंच राहतेत ना?"

"हाव, इथंच राहतेत," मी म्हणाले.

कॉपी करणाऱ्या पोरांचे मी कान पिरगाळलेले आहेत. आणि त्या दिवशी खोटं बोलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

चार रोपं घरी आली. नवऱ्याच्या नावाचं जांभूळ, कारण त्यांना साखरेचा आजार होता आणि जांभळं दिसली की गडी रस्त्यात थांबायचा. मुलाचा आंबा, मुलीचा पारिजातक. माझ्यासाठी काय घ्यावं याचा मी विचारच केला नव्हता. मागं रांग तुंबली होती, तो माणूस म्हणाला, "लवकर सांगा बाई." मी म्हणाले, द्या कडुलिंब. घरासमोर रस्त्याच्या कडेला खड्डे घ्यायचे, झाड लावायचं, भोवती पिंजरा ठोकायचा आणि पिंजऱ्यावर त्या माणसाच्या नावाची पत्र्याची पट्टी, अशी ती योजना होती. चार पिंजरे ओळीनं उभे राहिले आणि त्यावर आमची चार नावं चमकायला लागली तेव्हा मी समोरच्या कडेला जाऊन उभी राहिले आणि कितीतरी वेळ बघत बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं असेल, काय भरलेलं घर आहे!

खड्डे शेजारच्या चाचांनी खणून दिले. चाचांचं गाद्या भरायचं काम घरातच चालतं, अंगाखांद्यावर कायम कापूस. त्यांच्या दोन बकऱ्या दिवसभर गल्लीत मोकाट. चाचांनी पट्ट्या एकेक करून वाचल्या. जांभळाची पट्टी त्यांनी बाहीनं पुसली, कारण माझ्या नवऱ्याला खांदा द्यायला तेही होते. मग म्हणाले, "पिंजरे मजबूत हायेत बाई. न्हाईतर आमच्या बकऱ्यांनी एका दुपारात तुमचा खानदान साफ केला असता."

मला हसू आलं. त्या घरात मी हसल्याला बरेच दिवस झाले होते.

पहिले चार महिने पावसानं निभावले. पुढं माझी पाळी आली. माझ्या एकटीच्या घरात सांडपाणी ते किती निघणार? दोन ताटल्या, एक कुकर, एक पातेलं. तांदूळ धुतलेलं पाणी मी साठवायची, भाजी धुतलेलं साठवायची, अंघोळ तर परातीत बसून करायची म्हणजे थेंब वाया जायला नको. संध्याकाळी बादली घेऊन निघायची. आधी जांभूळ, मग आंबा, मग पारिजातक. पाणी घालता घालता बोलणंही व्हायचं. आंब्याला म्हणायची, मेल्या, पंधरा दिवसांत एक पान नाही फुटलं, खातोस काय? पारिजातकाला म्हणायची, तुझं बरंय गं बाई, तू वाढून राहिलीस. जांभळाशी जास्त बोलायची. पेन्शनच्या कागदावर कुठं सही करायची इथपासून गुडघ्यापर्यंत सगळं. एकदा चाचांनी भिंतीपलीकडून विचारलं, "कुणाला बोलून राहिलात बाई? पाहुणे आलेत का?"

"कुणी नाही आलं," मी म्हणाले.

उन्हाळा लागला आणि नळ दहाव्या दिवसावर गेला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तशी माझ्या गुडघ्यानं त्याच वेळी कुरकुर सुरू केली. तरी बादली चुकवली नाही. आणि मे संपता संपता फोनवर निरोप आला: अमुक सोमवारी पाहणी. कार्डावरच्या प्रत्येक सदस्यानं आपापल्या झाडाशेजारी हजर राहावं, फोटो घेतला जाईल. जे सदस्य राहत नसतील त्यांच्या नावाचे पिंजरे काढून यंदाच्या नव्या अर्जदारांना दिले जातील.

चोराच्या मनात चांदणं. निरोप मी दोनदा वाचला. पिंजरे गेले की झाडं गेली, हे तर दिसतच होतं. चाचांच्या बकऱ्या होत्या, शिवाय मोकाट गाई. पण खरं दुःख त्याहून वेगळं होतं. पट्ट्या जाणार होत्या. पुन्हा त्या दारासमोर माझं एकटीचं नाव राहणार होतं.

मुलाला फोन लावला. म्हणाले, सोमवारी ये, एक दिवसासाठी ये, तुझ्या झाडाची पाहणी आहे.

"आई, झाडासाठी रजा मागू? काय सांगू ऑफिसात?"

"सांग, माझा आंबा कमरेला आलाय."

तो हसला. म्हणाला, "व्हिडिओ कॉलवर दाखव ना." वाईट नाही तो. दर रविवारी न चुकता फोन करतो, गोळ्या घेतल्यास का विचारतो. पण मी चिडले, म्हणाले राहू दे, तुझ्या आंब्याला सांगते मी, आणि फोन ठेवून दिला. मला बोलवायचं होतं ते झाडासाठी नव्हतं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंच राहिलं. मुलीच्या सासूबाईंचं त्याच आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन होतं. नांदेड तीन तासांवर. पण तिला ये म्हणायला तोंड कुठं होतं? तिला मी पाहणीचं सांगितलंच नाही.

रविवारी चाचा कट्ट्यावर येऊन बसले. माझं तोंड बघून त्यांनी सगळं काढून घेतलं. म्हणाले, "यात काय हाय? आमचा पोरगा उभा करतो आंब्यापाशी, सून उभी करतो त्या फुलाच्या झाडापाशी. मास्क लावला की कोण ओळखतंय?"

मी खरंच तयार झाले. सुनेला माझी कुठली साडी द्यायची इथपर्यंत माझी मजल गेली. मग चाचांनी जांभळाकडं बघितलं आणि मीही बघितलं. चाचांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"तिथं न्हाई कुणाला उभं करता येत, बाई," ते हळू म्हणाले.

तिथं आमची लबाडी संपली.

सोमवारी दहाच्या सुमाराला गाडी आली. मागं नवीन रोपं भरलेली, दोन माणसं, आणि पुढून उतरली ती पंचविशीतली एक मुलगी, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, हातात टॅब. तिनं टॅबवर बघितलं, दाराकडं बघितलं.

"काकू, बाकीच्यांना बोलवा ना. चौघं आहेत ना तुम्ही?"

"चौघं नाहीत," मी म्हणाले. "मी एकटी राहते. मुलगा बंगळुरूला असतो, मुलगी नांदेडला. हे चार वर्षांपूर्वी गेले."

असं सलग मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणाला सांगायची, मुलगा यायचाय दिवाळीला. कुणाला सांगायची, मुलगी काय, जवळच तर आहे. त्या दिवशी सगळं एका दमात तोंडातून गेलं. मी पायरीवर बसले. वाटलं, आता ही पोरगी बोलणार, की काकू, शाळेतल्या बाई तुम्ही आणि खोटं सांगितलंत? तिनं ओढणी खाली केली, घाम पुसला आणि म्हणाली, "मग तुमचा तेवढा पिंजरा ठेवते. तुमचं झाड कुठलं?"

ती एकेक पट्टी वाचत गेली. जांभूळ छातीला लागलं होतं. आंबा कमरेला. पारिजातकाला तर कळ्या धरलेल्या. चौथ्या पिंजऱ्यापाशी ती थांबली, वाकली, आत हात घातला. आत एक वाळलेली काडी होती. हात लावला तशी ती मोडली.

"हे तुमचं? कडुलिंब होता ना? कडुलिंब सहसा मरत नाही हो काकू."

"पाणी नाही घातलं त्याला."

"का?"

"कडुलिंबाला काय होतंय, असं वाटलं."

खोटं नव्हतं ते. रोज तिसऱ्या झाडाला बादली संपायची. रोज मी म्हणायची, कडुलिंब काय, दगडातही येतो, उद्या घालू. पान पिवळं पडलेलं दिसत होतं मला. मी आंधळी नव्हते. भाजी कमी पडली की मला भूक नाही म्हणायचं, ही माझी सगळ्या संसाराची सवय. तेव्हा निदान समोर तीन ताटं होती. आता त्या घरात माझ्याशिवाय जेवायला कुणी नव्हतं, तरी मी मलाच शेवटी वाढत होते. आणि शेवटी काही उरत नव्हतं. हे मला तिथं, पायरीवर बसल्या बसल्या कळलं आणि मी रडले. परक्या पोरीसमोर, भर रस्त्यात, शाळेतली बाई हुंदके देऊन रडली. चाचा त्यांच्या दारात उभे होते. ते आत गेले आणि तांब्याभर पाणी घेऊन आले.

पोरगी माझ्याशेजारी टेकली. म्हणाली, "नियमानं एक पिंजरा राहील काकू. तुमच्या नावानं मी जांभूळ लिहून घेऊ का? सगळ्यात मोठं तेच आहे."

"घ्या बाई," चाचा म्हणाले. "बाकीच्यांना मी बाभळीचे काटे बांधून देतो. बकऱ्या माझ्याच हायेत, बांधून ठेवीन."

मी हो म्हणणारच होते. अगदी ओठावर आलं होतं.

"जांभळाला काटे बांधा चाचा," मी म्हणाले. "तिघांनाही बांधा. आणि पोरी, मला माझ्या नावाचं नवीन रोप दे. कडुलिंबच दे."

माणसांनी तीन पिंजरे उपटून गाडीत टाकले. त्यांच्या पट्ट्यांचे स्क्रू काढून पट्ट्या माझ्या हातात दिल्या. चौथ्या पिंजऱ्यातली काडी निघाली, तिथं वीतभर कडुलिंब बसला. आदल्या दिवशीच नळ येऊन गेला होता. मी पिण्याच्या पाण्याची कळशी आणली आणि सगळी त्याच्या बुडाशी ओतली. गाडीवरचा माणूस म्हणाला, बास बाई, वाहून जाईल. मी म्हटलं, जाऊ दे.

"चला, फोटो," पोरगी टॅब धरून म्हणाली. "उभ्या राहा काकू."

मी पदर सावरून उभी राहिले. ती टॅबकडं बघत राहिली, मग तिनं तो खाली घेतला.

"काकू, जरा मध्ये या ना. तुम्ही एकदम कडेला गेलात."

मी खाली बघितलं. खरंच, मी अगदी कडेला उभी होते, बाजूला तिघांना पुरेल एवढी जागा सोडून.

"अजून कुणी यायचंय का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले, आणि मध्ये येऊन उभी राहिले.