पाला तोडायची आकडी
फिनाईलचा वास आला की मला औंढ्याचा सरकारी दवाखाना आठवतो आणि एका जागी बसवत नाही. पोलीस दरोडेखोरांच्या मागावर होते आणि शिरड शहापूरच्या शिवारात मेंढरं चारणारा माझा चुलता त्यांच्या गोळीनं गेला. मी चुलतीला घेऊन दवाखान्यात पोचले तेव्हा ऊन तापलं होतं, व्हरांड्यात माशा घोंगावत होत्या आणि चुलती नुसती येरझाऱ्या घालत होती. फौजदार म्हणाला, "हत्यार घेऊन अंगावर आला, म्हणून गोळी झाडावी लागली." हत्यार म्हणून त्यानं भिंतीला टेकवलेली लांब काठीची आकडी दाखवली. चुलती म्हणाली, "सायब, ह्या आकडीनं आमी बाभळीचा पाला तोडतो, मेंढरांसाठी." मग ती आत गेली, चादर बाजूला केली आणि मला म्हणाली, "पोरी, हात लाव." आम्ही दोघींनी चुलत्याला कुशीवर वळवलं. दोन्ही खांद्यांच्या मधे, पाठीत, गोळी शिरलेली होती. चुलतीनं तिथूनच विचारलं, "सायब, अंगावर येऊन राहिला व्हता, तर पाठीत काहून लागली?" फौजदार बाहेर निघून गेला. पुढे चौकशी झाली, आमचे जबाब घेतले आणि शेवटी चकमकीत मेला असंच ठरलं. चुलती मरेपर्यंत भेटेल त्याला तेच विचारत राहिली. मी मात्र कोणालाच काही विचारत नाही. पोलिसांची गाडी वस्तीकडे वळताना दिसली, की हातातलं काम टाकून, मेंढरांमागे गेलेल्या माझ्या लेकाला हाका मारत रानाकडे धावत सुटते.