गडव्याच्या बुडाची कडी अन् भिवापूरचा पाट

जीपनं काहून नाही गेलो? नाही गेलो, बस. जीप काय आमच्या बापाची होती? सत्तरच्या त्या सालात माझ्यासारखा विणकर भिवापूरले जायचा तो छोट्या लाइनच्या गाडीनं, इतवारी टेशनावरून. आता ते लाइन उखडली. तुम्हाले जायचं असन तर उमरेडवरून बस पकडा, अन् सकाळीच निघा.

भिवापूरजवळच्या एका टोलीवर, म्हणजे लहानशा वस्तीवर, माझा दोस्त राहे, गुरुजी. मास्तर व्हायच्या आधी तो मोजणीवाल्यांसंग हिंडला होता, अन् तिथली एक जुनी पितळी दुर्बीण त्याच्यापाशी होती. तिपाईवर ठेवून जमिनीचा चढ-उतार पाहायची. तिच्या आत एक कडी राहते, अन् कडीवर केसाहून बारीक आडवा धागा. त्या धाग्यावरून जमिनीची बरोबरी समजते. कडीचे झाले दोन तुकडे. दुकानवाला म्हणे, सुटं सामान मिळत नाही, नवीन दुर्बीण घ्या. मी म्हटलं, हट! घरच्या पाणी प्यायच्या जुन्या पितळी गडव्याचं बूड कापलं, कानशीनं घासून कडी केली, मागावरल्या रेशमाचा एक पदर सोडवला अन् लाखेनं चिकटवला.

गाडीत माझी बायको यमुना तेच धरून बसली.

"चांगला गडवा होता माह्या मायचा."

"मंग आली काहून संग?"

"त्याचं काय केलं ते पाहाले."

उमरेडले गाडी बराच वेळ उभी राहे. आलुबोंडा खा, गरम राहते. चहा नका घेऊ, नुसतं पाणी. पुढं दोन्हीकडं वावरंच वावरं, अन् गाडी अशी हळू की उतरून बोरं तोडून पुन्हा चढावं.

टोलीवर पोचलो तं माणसं वाटच पाहून राहिली होती. गेल्या साली त्यांनी तलावापासून मिरचीच्या वावरापर्यंत नुसत्या नजरेनं पाट खोदला होता. पाणी अर्ध्यातच थांबलं, मिरची वाळली. आता गुरुजीच्या शब्दावर पुन्हा कुदळी उचलल्या होत्या. पुन्हा चुकलं असतं तर तिसऱ्यांदा एक माणूस आला नसता. साखराबाई नावाची म्हातारी तर रिकाम्या हातानंच आली. तिचं वावर सगळ्यात शेवटी.

"पाणी दिसू दे, मंग कुदळ आणीन," म्हणे.

सकाळी तलावावर धुकं. कडी बसवली. गुरुजीनं डोळा लावला अन् लगेच काढला.

"काय झालं गा?"

"तुह्या रेषेले पोट सुटलं."

मी पाहिलं. धागा मधातून लोंबला होता. साखराबाईनं बी डोळा लावला. "माह्याहून जास्त वाकली हे बाई!" सारे हसले, गुरुजी नाही हसला.

यमुना म्हणे, "अवो, धाग्याले कांजी पाजली का?"

"पाजली. बिनकांजीचा धागा कोणता विणकर ताणते?"

"अन् धुक्यात कोणता विणकर कांजीचं काम काढते?"

कांजीनं सारी ओल पिऊन घेतली होती.

यमुना गेली गुरुजीच्या गोठ्यात. काडीवर एक कोळी घेतला अन् टिचकी मारली. तो खाली सुटला, मागं धागा सोडत. घरी मागाची कांडी भरते तसा तिनं तो बेचक्याच्या काडीवर गुंडाळला. जाळ्यातला धागा घेऊ नका, त्याले धूळ राहते. एक-दोन तुटले, मंग एक बसला कडीवर. लाख लावता लावता विचारते, "याले कांजी पाजू?"

"गप वं."

गुरुजीनं पुन्हा डोळा लावला. रेष सरळ. मी फुटाच्या खुणा केलेला बांबू घेऊन पुढं पुढं, तो मागून हात हालवे. पाटाच्या खुणेच्या खुट्या गेल्या मधातल्या टेकडीच्या पल्याडच्या अंगानं.

"तिकून? अरे बाप्पा, तिकून तं चढ दिसते!" लोक ओरडले.

"दिसते. खोदा," गुरुजी म्हणे.

दुपारी झुणका-भाकर अन् भिवापुरी मिरचीचा ठेचा. ठेचा नखाएवढाच घ्या. हे मी हसण्यावारी नाही सांगून राहिलो.

टेकडीच्या वळणापर्यंत पाट झाला तसं तलावाचं तोंड थोडं मोकळं केलं. पाणी आलं, वाळला पाला ढकलत. चढ दिसे तिथं येऊन थांबलं. मंग ते फुगलं, वळलं, अन् निघालं पुढं.

साखराबाई उठली अन् घराकडं चालली. मले वाटलं, रागावली. परत आली तं खांद्यावर कुदळ.

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरले आलो. त्याच्यानंतर लोक कुठून कुठून वजनाचे जुने काटे, सूक्ष्मदर्शक घेऊन घरी येत, अन् मी सामान बनवून देत गेलो. कशाचं काय बनवलं, आठवत बी नाही. पण ते थांबलेलं पाणी डोळ्यापुढून जात नाही. हालन का नाही, हे तेवढ्या वेळात मले बी माहीत नव्हतं.

पाणी साखराबाईच्या शेवटच्या वावरात पोचलं. म्हातारीनं मिरची पाठवली, डोळ्याचं पाणी निघे अशी. झालं. याच्यापुढं एक शब्द सांगणार नाही.