डबलबारीचं इंग्रजी

"मॅडम, हे 'दुनळी बंदूक' काय लिहिलंय तुम्ही?"

वैशाली परब माझ्या टेबलासमोर उभी राहून कागद वाचत होती. तिच्या नवऱ्याचा जामीन कोर्टाने फेटाळला होता. ऑर्डर इंग्रजीत. लालबागला घरी सासूबाई रोज विचारत होत्या, माझ्या मुलाबद्दल कोर्टाने नक्की काय लिहिलंय. म्हणून ती ऑर्डर मराठीत करून घ्यायला आमच्या गिरगावातल्या ऑफिसात आली होती. अकरा पानं होती. मी केली आणि तिच्या हातात दिली.

"ऑर्डरमध्ये आहे तेच लिहिलंय," मी म्हटलं. जरा फणकाऱ्यानेच. तीस वर्षं भाषांतरं करतेय, कोणी चूक काढली की आधी नाक फुगतं माझं.

"पण आमच्या घरात बंदूक कुठली? झडती घेतली तेव्हा पिठाचे डबेसुद्धा उपडे केले त्यांनी. पुस्तकं नेली, पत्रकं नेली, ह्यांची डायरी नेली. बंदुकीचं नावही कोणी काढलं नव्हतं."

मी तिला परिच्छेद दाखवला. आरोपीच्या डायरीतल्या नोंदीनुसार शनिवारी लालबाग येथे दुनळी बंदूक वापरली जाणार होती. माल शिवडीहून टेंपोने येणार होता. 'बुवा' या टोपणनावाचे दोन इसम ठरले होते. शेवटी अलार्म होणार होता. हत्यार अद्याप हस्तगत व्हायचे आहे.

तिने ते दोनदा वाचलं. मग खुर्ची ओढून बसली.

"शनिवार. शिवडीचा टेंपो. दोन बुवा," ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, ही आमच्या मंडळाची डबलबारी आहे हो. भजनाची."

मला काही कळेना. डबलबारी हा शब्द मी भजनाशी जोडून कधी ऐकलाच नव्हता. आमचे शिपाई घाडी बाजूलाच फायली बांधत होते. गाव मालवणकडचं, राहायला परळला. मी त्यांना विचारलं.

"डबलबारी म्हणजे दोन बुवांची भजनं, मॅडम," घाडी म्हणाले. "एक बुवा बारी म्हणतलो, दुसरो त्येका जबाब देतलो. शेवटाक गजर. आमच्या गावाक जत्रेक असता. लालबाग-परळात तर सगळ्यांका म्हायत आसा."

सगळ्यांना माहीत. बुवा म्हणजे भजन म्हणणारा मुख्य गायक. गजर म्हणजे शेवटचं जलद, टाळ-पखवाज टिपेला नेणारं भजन. माल म्हणजे, वैशाली म्हणाली, शिवडीच्या गोडाऊनमधला लाउडस्पीकर.

आता ऑर्डरमधला तो इंग्रजी मजकूर कोर्टाने स्वतः तयार केला नव्हता. डायरी मराठीत, म्हणजे मधे कोणीतरी तिचं भाषांतर केलं असणार. आणि तपास यंत्रणेचं असलं बरंचसं काम आमच्याच ऑफिसात येतं. मी उठून कपाट उघडलं. फाइल सापडली. डायरीचं पान काढलं आणि खाली बघितलं.

आमच्या धंद्यात 'ट्रू ट्रान्सलेशन' म्हणजे भाषांतरकार लिहून देतो की हे मुळाबरहुकूम आहे, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी छोटी सही करतो. त्या पानाच्या तळाशी छोटी सही होती. एस. पी. सुमन प्रधान. म्हणजे मी.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार फाइल परत आत सरकवायचा आला. वैशाली माझ्याकडेच बघत होती. मग मी ते पान तिच्यासमोर ठेवलं.

"हे मी केलंय," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही मराठीच ना, मॅडम?"

वैशालीचे यजमान दिगंबर परब हे पालिकेच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. पालिकेच्या निवडणुका इतकी वर्षं का लांबल्या, आमच्या वॉर्डाला नगरसेवक का नाही, एवढं विचारणारी पत्रकं त्यांनी वाटली. चाळीसएक माणसं घेऊन फुटपाथवर बसले, रोज एक तास, महिनाभर. नंतर एके सकाळी त्यांना उचललं. जामीन सहसा मिळतच नाही असा कायदा लावला. वैशाली माझ्याकडे आली तोवर माणूस चौदा महिने आत होता. या चौदा महिन्यांत त्यांना जेलमध्ये मराठी कागदांच्या प्रती मिळाल्या आणि त्यांच्या वकिलाला इंग्रजी. हजारो पानांचं ते बाड, दोन्ही शेजारी ठेवून कोणी वाचलंच नव्हतं.

ते पान बघितल्यावर ही चूक कशी झाली ते मला स्पष्ट आठवलं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते. चारशे पानं आली होती, तीन दिवसांत द्यायची होती. वरच्या पत्रावर कायद्याचं कलम होतं आणि लिहिलं होतं, 'देशविरोधी कटासंबंधी कागदपत्रे'. मी आधी ते पत्र वाचलं, मग डायरी वाचली. डबल बार बंदूक मला माहीत होती ती बँकेच्या वॉचमनच्या खांद्यावरची. ती बंदूक एकदा डोक्यात बसल्यावर गजर म्हणजे अलार्मच होणार आणि बुवा म्हणजे टोपणनावच होणार. गजर शब्द मला माहीत नाही असं थोडंच आहे? आमच्या घरी आषाढीला भजन असतं. पण त्या कलमाच्या खाली तो शब्द मला वेगळाच दिसला. घाडींना एका हाकेत विचारता आलं असतं. विचारावंसं वाटलंच नाही, कारण शंकाच आली नाही.

मी केळकरांच्या केबिनमध्ये गेले. केळकर म्हणजे आमचे बॉस, ऑफिसचे मालक.

"मला अ‍ॅफिडेव्हिट करायचंय," मी म्हटलं. अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे कोर्टात शपथेवर दिलेलं लेखी निवेदन. "माझं भाषांतर चुकलंय म्हणून."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सुमनताई, क्लायंट कोण आहे ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"परबांच्या वकिलाला सांगा, दुसरीकडून नवीन ट्रान्सलेशन करून घ्या. ते बरोबर येईल, काम होईल. आपलं नाव कशाला?"

"मग कोर्टात दोन भाषांतरं होतील आणि खरं कुठलं यावर वर्षभर वाद चालेल. त्यापेक्षा मीच म्हणते ना, माझं खोटं."

"खोटं म्हणू नका. चुकीचं म्हणा."

"तो माणूस आत आहे, केळकर. त्याला काय फरक पडतो?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "लेटरहेडवर नको. साध्या कागदावर करा." ते केळकरांच्या दृष्टीने फार मोठं धाडस होतं, मी त्यांना नावं ठेवत नाही.

दोन दिवसांनी तपास अधिकाऱ्यांचा फोन आला. बोलणं एकदम अदबीचं.

"मॅडम, तुम्ही म्हणे शब्द बदलताय?"

"बदलत नाही, दुरुस्त करतेय. ते भजन आहे."

"असेल. पण डबलबारी हा कोडवर्डही असू शकतो की नाही?"

म्हणजे बंदूक म्हटलं तर बंदूक, आणि भजन म्हटलं तर भजनाच्या नावाखाली बंदूक. माझ्या हातून चूक झाली, ती कळली की मिटेल, अशी माझी भाबडी समजूत होती. माझी चूक कोणालातरी हवी आहे, हे मला एकसष्टाव्या वर्षी त्या फोनवर कळलं.

परबांच्या वकील फर्नांडिस बाई. सडेतोड बाई. त्या म्हणाल्या, "मॅडम, नुसत्या तुमच्या शब्दावर भागणार नाही. डबलबारी झाली याचा कागद पाहिजे."

कागद वैशालीने आणला. लालबागला मंडळाच्या कपाटात जुन्या पावत्यांखाली होता. लाउडस्पीकरची परवानगी. अर्जात स्वच्छ लिहिलेलं: 'शनिवारी भजनाची डबलबारी, दोन बुवा, वेळ सायंकाळी सहा ते दहा'. खाली पोलीस ठाण्याचा गोल शिक्का आणि सही.

मी तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसले. ज्या कार्यक्रमासाठी माणूस चौदा महिने आत होता, त्याला परवानगी पोलिसांनीच दिली होती. शिक्क्यासकट. लालबागच्या ठाण्यातल्या हवालदाराला डबलबारी म्हणजे काय ते माहीत होतं, मला नव्हतं.

सुनावणीला मला पिंजऱ्यात उभं केलं. सरकारी वकील तरुण होते, आवाज चढा.

"तुम्ही तीस वर्षं भाषांतरं करता. आणि एक साधा शब्द तुम्हाला माहीत नव्हता?"

"नव्हता."

"गिरगाव ते लालबाग किती लांब आहे?"

"बसने अर्धा तास."

"अर्ध्या तासावरचा शब्द तुम्हाला माहीत नव्हता, आणि आज अचानक माहीत झाला. कोणी सांगितला?"

"आरोपीच्या बायकोने."

कोर्टात कुजबुज झाली. पण तेच खरं होतं, दुसरं काय सांगणार. न्यायाधीशांनी मग मला थेट विचारलं, बंदूक हा अर्थ तुम्ही कशावरून लावलात.

"सोबतच्या पत्रावरून, साहेब," मी म्हटलं. "डायरीत बंदूक नाही. ती मी त्या पत्रातून उचलून डायरीत ठेवली."

त्यांनी ते लिहून घेतलं. परवानगीचा कागद उलटसुलट करून बघितला. ठाण्याचा शिक्का सरकारी वकिलांना दाखवून विचारलं, हा तुमचाच ना. ते म्हणाले, तपासून सांगतो. तपासून सांगायला त्यांना चार तारखा लागल्या. तारीख म्हणजे पुढच्या सुनावणीचा दिवस, आणि दोन तारखांमध्ये एक-एक महिना सहज जातो. प्रत्येक महिन्यात मी कॅलेंडर बघायचे आणि मनात म्हणायचे, हाही माझाच.

जामीन झाला. केस अजून चालू आहे. पत्रकं वाटायची नाहीत, सभेत बोलायचं नाही, मुंबई सोडायची नाही, अशा अटी आहेत. आमच्या ऑफिसला त्या क्लायंटचं काम नंतर आलं नाही. केळकर त्याबद्दल मला एका शब्दाने बोलले नाहीत.

परब मास्तर बाहेर आल्यावर महिनाभराने मी त्यांच्या घरी गेले. माफी फोनवर मागायची गोष्ट नव्हती. मास्तर दारात आले, बारीक झालेले, सदरा अंगावर लोंबत होता. "या, मॅडम," म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत, "चहा टाक गं," असं आत सांगितलं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुम्ही येऊन सांगितलंत. बाकीचे अजून आले नाहीत."

त्यांना औषधाची वेळ झाली म्हणून ते आत गेले. वैशालीने हळूच टेबलावरची वही माझ्याकडे सरकवली. "हे बघा. आल्यापासून असंच लिहितात. मी काही बोलत नाही."

रोजच्या कामांची वही होती. मास्तरांचं अक्षर, गोल, फळ्यावरचं.

'गॅस बुक करणे (स्वयंपाकाचा). सुरीला धार लावून आणणे (भाजीची). सायंकाळी मीटिंग (सोसायटीची, पाण्याच्या टाकीबद्दल). आईसाठी गोळ्या (रक्तदाबाच्या).'

पानामागून पान तसंच. मी वही मिटली आणि मला तिथेच रडू आलं.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. मूळ शब्दाचा अर्थ वाचणाऱ्याला कळणार नसेल, किंवा दुसराच लागायची शक्यता असेल, तर पुढे कंस करून खुलासा द्यायचा. तो कंस भाषांतरकाराने घालायचा असतो. लिहिणाऱ्याने नाही.